हळदीला हरकत कोणाची

मानसशास्त्रात एम. ए. करायला मी नागपूरला गेले तेव्हा सानगडीत सगळ्यांना वाटलं, ही आता वेड्यांची डॉक्टर होणार. सुट्टीत घरी आले की बाया मला स्वप्नं सांगायच्या आणि अर्थ विचारायच्या. माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, मला पाहिलं की पदर तोंडावर घ्यायची. म्हणायची, "माह्या मनातलं वाचू नको वो बाई, तिथं लय पसारा आहे." मी चिडायचे. मी तेव्हा कशावरही चिडायचे. आपण गावातल्या पहिल्या एम. ए. बाई होणार, आणि या बायांना त्याची काही कदर नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आमच्या विभागात एक मॅडम होत्या. माझा प्रबंध त्यांच्याकडेच होता. एकदा त्यांनी वर्गात तासभर असं काही शिकवलं, की कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. शेवटी विचारलं, "ज्यांना कळलं नाही त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. मग त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न घालता लिहायला सांगितलं. चिठ्ठ्या उघडल्या तर एकालाही कळलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना कळलंय, आपणच तेवढे मठ्ठ. मॅडम म्हणाल्या, "यावर परदेशात पुष्कळ अभ्यास झालाय. पण तुमच्या गावात जाऊन पाहा. कितीतरी रूढी अशाच चाललेल्या सापडतील. नको सगळ्यांनाच असतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच नको आहेत."

मला लगेच वहिनी आठवली.

माझा मोठा भाऊ माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा होता. वहिनी घरात आली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिनेच मला न्हाऊ घातलं, माझ्या वेण्या घातल्या, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. ती मला 'बाई' म्हणायची, नणंद म्हणून मान देऊन, आणि त्याच तोंडाने पाठीत धपाटाही घालायची. मी सहावीत असताना, ऐन धानाच्या रोवणीत, भाऊ चार दिवसांच्या तापात गेला. त्यांची मुलगी, माझी भाची, तेव्हा सात वर्षांची होती.

त्याच्यानंतरची पहिली संक्रांत मला स्वच्छ आठवते. सपरीत, म्हणजे घरापुढच्या कौलारू पडवीत, हळदीकुंकवाला बाया जमायला लागल्या तशी वहिनी उठली आणि खराटा घेऊन गोठ्यात गेली. तिला 'जा' असं कोणी म्हटलं नव्हतं. आई नाही, मोठीमाय नाही, कोणीच नाही. मी मागोमाग गेले तर ती झाडलेलाच गोठा पुन्हा झाडत होती. म्हणाली, "तू जा बाई, तिकडे तिळगूळ भेटते." आणि मी गेले. तिळगुळासाठी गेले. याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला, लग्नाला वहिनीला नेमकं त्याच वेळी गोठ्यात काम निघायचं. अशी बारा वर्षं गेली.

मग भाचीचं लग्न ठरलं. स्थळ आंबागडचं होतं, चार एकर धानाची शेती आणि शांत स्वभावाचा मुलगा. होळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा भाचीने मला विहिरीकडे नेलं आणि बजावून सांगितलं, "आत्या, मले मायच्या हातची हळद पायजे. पयली हळद तिचीच. नाई तर मी पाटावर बसतच नाई."

आमच्याकडे पहिली हळद पाच सवाष्णी लावतात. विधवा आईने लावायची म्हणजे मांडवात सगळ्यांच्या देखत ती रीत मोडायची. आणि भाची हट्टी. नाही बसणार म्हणाली म्हणजे नाही बसणार. मी तशीच आत जाऊन आईला विचारलं. आई कणीक मळत होती. हात थांबला. म्हणाली, "माह्यं काई नाई. पन बाया काय म्हनतीन?"

मोठीमायकडे गेले. घराण्यातले सगळे विधी तिला पाठ. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. तीही म्हणाली, "माह्यं काई नाई वो. बिचारी लेकराची माय आहे. पन लोकं ऐकतीन का?"

मॅडमचा वर्ग माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी दुसऱ्याच दिवशी साकोलीला जाऊन प्रश्नावलीच्या प्रती काढून आणल्या आणि घरोघरी फिरायला सुरुवात केली. दोनच प्रश्न होते. विधवा आईने लेकीला हळद लावली तर तुमची हरकत आहे का? आणि, गावातल्या इतर बायांची असेल का? उत्तरं देताना बाया हातातलं काम सोडत नव्हत्या. कोणी मोहफुलं वाळत घालत होती, कोणी सूप पाखडत होती. उत्तर मात्र जणू आधी ठरवून आल्यासारखं एकच. माझी हरकत नाही, लोकांची असेल. मी विचारायचे, "लोकं म्हणजे कोण?" तर हात हवेत कुठेतरी हलायचा, कधी बाजाराकडे, कधी तलावाकडे.

बौद्ध वस्तीतली माझी शाळेपासूनची मैत्रीण तेव्हा साकोलीला नोकरीला होती. तिला हे सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, "माह्या लग्नात मायच माह्याजवळ उभी होती, पयल्यापासून शेवटपर्यंत. बाप नोहोता म्हनून तिले कोन अडवनार? तुमी लोकं येवढे शिकता आन कागदं घेऊन फिरता." मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

पण आता पंचाईत अशी, की कागद माझ्यापाशी होते आणि त्यांतलं काही मला कोणाला सांगता येत नव्हतं. तुमचं उत्तर कुठे फुटणार नाही, असा प्रत्येकीला मी शब्द दिला होता. ज्या गावात कोणाकडे आज काय शिजलं हे दुपारपर्यंत तिसऱ्या मोहल्ल्यात कळतं, तिथे हा शब्द फार मोठा होता. मी मॅडमना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, "कोणाचं उत्तर कोणाला सांगायचं नाही. पण सगळ्यांचं मिळून एक उत्तर सगळ्यांना एकाच वेळी दिसलं, तर हरकत नाही. ते कसं करायचं हे तुम्हीच ठरवा. गाव तुमचं आहे."

मी ठरवलं. हळदीला सहा दिवस असताना पापड लाटायला मोहल्ल्यातल्या वीस-बावीस बाया आमच्या सपरीत जमल्या होत्या. आतल्या खोलीत धान साठवायच्या ढोलीजवळ मी एक लहान मडकं ठेवलं, त्याच्या तोंडावर फडकं टाकलं. बाजूला एका टोपलीत धान, दुसऱ्या टोपलीत चिंचोके. बाहेर येऊन मास्तरीण उभी राहते तशी उभी राहिले आणि सांगितलं, "एकेकीनं आत जायचं. आईनं हळद लावायला हरकत नसेल तर धानाचा एक दाणा मडक्यात टाकायचा. हरकत असेल तर एक चिंचोका. कोणी पाहणार नाही." बायांनी माना डोलावल्या. मी स्वतःवर अशी काही खूश होते, की प्रबंधातलं ते पान कसं लिहायचं तेही मनात जुळवायला लागले होते.

एकेक बाई जाऊन आली. मधे वहिनीही लाटणी आणायला, पोळपाट ठेवायला आतबाहेर करत होती. सगळ्या झाल्यावर मी मडकं उचलायला गेले तर ते जड लागलं. गळ्यापर्यंत भरलं होतं. धानाची टोपली पार रिकामी.

मडकं तसंच बाहेर आणलं आणि मी भडकले. "एक दाणा म्हटलं होतं ना मी! एक! आता मोजायचं कसं?"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. चूक कोणाची झाली, हेच त्यांना कळेना. शेवटी मोठीमाय म्हणाली, "लगनाच्या घरी भांड्यात एक दाना कोन टाकते वो? एक दाना कोंबडीले टाकतेत. भांड्यात हात घातला का मूठ भरूनच टाकाव लागते. येवढं शिकून तुले हे माहीत नाई?"

मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. ओटी असो, भिक्षा असो, कोणाच्या भांड्यात एक दाणा टाकणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. नागपूरहून येताना मी ते कुठेतरी विसरून आले होते. माझा प्रयोग पार पाण्यात गेला होता. आणि तरीही ते गच्च भरलेलं मडकं मधोमध उभं होतं, आणि बाया त्याच्याकडे पाहत होत्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात येत गेलं. एक म्हणाली, "म्हंजे तुही पन हरकत नाई?" दुसरी म्हणाली, "मले वाटे तुहीच आहे." मग हशा पिकला. बारा वर्षं ज्या 'लोकां'ना सगळ्या भीत होत्या, ते कोणी आलेच नव्हते.

मोठीमायने मडकं सुपात ओतलं. धान सळसळत पडलं आणि शेवटी त्यातून एक चिंचोका घरंगळत आला. एकच.

हशा थांबला. पापड मात्र भराभर लाटले जाऊ लागले.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगते. चिंचोका कोणाचा, याचा मी शोध घ्यायला लागले. शब्द दिला होता, गुप्ततेचा, तो मीच मोडायला निघाले. आणि फार विचार न करता जाऊन आईला म्हटलं, "तूच टाकलास ना? तोंडावर काही नाही म्हणालीस आणि आत जाऊन चिंचोका टाकलास."

आई भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "मी दोनी हातानं धान टाकलं. ओंजळभर." आणि भाकरी तव्यावर टाकली. तिचे डोळे भरून आलेले मला बाजूने दिसत होते. मी माफी मागितली नाही. तेव्हा मला माफी मागता येत नसे.

मागे न्हाणीपाशी वहिनी भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं होतं. राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "मामीजीले कायले बोलली? तो चिंचोका माहा आहे." आमच्याकडे सून सासूला मामीजी म्हणते.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. अख्ख्या गावाला मी विचारलं होतं. कागदांची चळत जमली होती. आणि जिच्याबद्दल विचारलं, तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिला हळद लावायची असणारच, हे मी गृहीतच धरलं होतं.

"काहून, वहिनी?"

ती एकाच गंजावर, म्हणजे पातेल्यावर, हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "लोकाइचं सोड. मलेच डर वाटते. तुह्या दादाच्या छातीले त्या दिवशी मीच हळदतेल चोळलं होतं. याच हातानं. सकाळी तो गेला. तवापासून कोनाच्या आंगाले मी हळद लावली नाई. भाजीत टाकतो तेवढीच. आता पोरीले लावू आन तिले काई झालं तं?"

तेव्हा मला उमगलं, की दादा गेल्यानंतरही मी कितीदा पडले, खरचटून घेतलं, आणि प्रत्येक वेळी वहिनी धावत यायची, जखम धुवायची, आणि हळद लावायला मात्र आईला हाक मारायची. इतकी वर्षं मी ते पाहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी तिचा राखेने भरलेला हात धरला आणि रडले. ती उलट मलाच समजावत बसली.

भीतीबद्दल पुस्तकात मी वाचलं होतं. ज्याची भीती वाटते ते टाळत राहिलं की भीती वाढत जाते, आणि थोडं थोडं करत, सोबतीने जवळ गेलं की ओसरते. हे मी वहिनीला सांगितलं नाही. पुस्तकाचा तोरा माझा तोवर पुरता उतरला होता. मी फक्त दुसऱ्या दिवशी हळकुंडं घेऊन तिच्याजवळ जात्यापाशी बसले आणि म्हटलं, दळू लाग. दळण्यात काही नव्हतं, ते तिने केलं. तिसऱ्या दिवशी मी माझी टाच पुढे केली. उन्हाळ्याने तिला भेगा पडल्या होत्या. "आई कामात आहे. तू लाव." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग एक बोट हळदीत बुडवून, विस्तवाला हात लावावा तसं, तिने टाचेला लावलं.

सकाळी उठल्याबरोबर मी चुलीपाशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पाहून घे. जिवंत आहे." तिने फुंकणी उगारली, पण हसली. संध्याकाळी तिने मला न विचारताच दुसऱ्या टाचेलाही हळद लावली, आणि या वेळी चांगली चोळून.

हळदीच्या दिवशी अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव घातलेला होता. भाची पाटावर बसली. मोठीमायने हळदीची वाटी हातात घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "पयले माय. मंग आमी." कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी जागा करून दिली. वहिनी गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिथून पाटापर्यंत वीसएक पावलं असतील. ती आली. पाटासमोर बसली. दोन बोटं हळदीत बुडवली, लेकीच्या गालापर्यंत नेली, आणि हात तिथेच थांबला.

टाच वेगळी आणि लेकीचा गाल वेगळा. मला पुढे जाऊन काहीतरी करावंसं वाटत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. माझी सगळी पुस्तकं संपली होती. भाची डोळे मिटून बसली होती. ती हललीही नाही.

आई मागे उभी होती. ती पुढे आली, वहिनीच्या बाजूला जमिनीवर बसली, आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुले चोळ म्हनून मीच सांगतलं होतं."

वहिनीने मान वळवली.

"तू म्हनत होती, डाक्तराले बोलवू. मीच म्हटलं, पानी पडून राहिलं, गाड्या निघत नाईत, उद्या पाहू. आज हळदतेल चोळ, उतरन ताप." आईने पदर सावरला. मग म्हणाली, "बारा वर्सं झाले. तू तोंड पाडून गोठ्यात जाय, तं मले वाटे, माह्या तोंडाकडे पाहावत नाई म्हनून जाते."

"मले वाटे तुमी मले दोष देता," वहिनी म्हणाली.

"आन मले वाटे तू मले."

एका छपराखाली, एका चुलीवर दोघींनी बारा वर्षं स्वयंपाक केला होता. मी दोघींच्या मधे वाढले होते, आणि प्रश्नावली घेऊन गावभर हिंडले होते. मांडवात बाया पदराने डोळे पुसत होत्या. मोठीमायच्या हातातली वाटी कलली होती. त्या दोघी मात्र एकमेकींकडे नुसत्या पाहत होत्या, फार दिवसांनी भेट झाल्यासारख्या.

शेवटी भाचीने एक डोळा उघडला.

"माय, लाव ना वो," ती म्हणाली. "हळद वाळून राहिली."

आणि वहिनीने लावली. आधी उजव्या गालाला, मग डाव्या, मग कपाळाला, हातांना, पायांना. पाच सवाष्णी ताटकळत उभ्या होत्या, पण ती उठेचना. बोटांच्या बेचक्या, कोपरं, कानाच्या पाळ्या, काही म्हणून तिने सोडलं नाही. आई तिच्यासमोर वाटी धरून बसली होती.